आधी फटाके, मग पंचनामा

कल्याण स्थानक सोडलं की मध्य रेल्वेचे रूळ फुटतात. कसाऱ्याच्या बाजूला पहिलं स्थानक शहाड. कर्जतच्या बाजूला विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. शहाड आणि उल्हासनगर एकमेकांना इतके खेटून आहेत की एक वस्ती कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते, हे नवख्याला सांगता येणार नाही. या पट्ट्यातल्या नोकरदाराचं पोलिसांविषयी आणि कोर्टाविषयी जे काही मत बनतं, त्यातलं बरंचसं गाडीत उभ्या उभ्या बनतं. २० ऑगस्ट २०२४ या दिवशी मात्र त्याने ते रुळांवर उतरून सांगितलं.

त्या सकाळी बदलापूर स्थानकात गर्दी रुळांवर आली आणि नऊ तासांहून अधिक काळ हलली नाही. लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेलमार्गे वळवाव्या लागल्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार होती. ती घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी अकरा-बारा तास ताटकळावं लागलं होतं. आरोपीला १७ ऑगस्टलाच अटक झाली होती, तरीही गर्दी हटेना. मंत्री गिरीश महाजन समजूत घालायला आले, तर त्यांच्यापुढे एकच मागणी आली: आत्ता, इथे, फाशी. संध्याकाळी दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि रूळ मोकळे झाले. नंतर शेकडो आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले, सत्तरहून अधिक जणांना अटक झाली.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच गावात, लोकांनी पोलिसांवर दोन उलट आरोप ठेवले. सकाळी तक्रार होती की पोलिसांनी काहीच केलं नाही. संध्याकाळी तक्रार होती की त्यांनी फार केलं. दोन्ही तक्रारींना आधार होता. पोलिसी बळाविषयीचं लोकमत या प्रकरणात जे पुन्हा पुन्हा दिसेल ते असंच आहे: बळ किती वापरलं यापेक्षा ते कुणावर वापरलं, इकडे त्याचं लक्ष अधिक असतं.

चौतीस दिवसांनी, २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी, ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेचं पथक त्याच आरोपीला तळोजा तुरुंगातून ठाण्याकडे आणत होतं. दुसऱ्या एका गुन्ह्यात त्याचा ताबा घेतला होता. गाडी मुंब्रा बायपासवर आली आणि गोळ्या सुटल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार आरोपीने एका सहायक निरीक्षकाचं पिस्तूल हिसकावून तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत गेली, आणि मग वरिष्ठ निरीक्षकाने स्वसंरक्षणासाठी झाडलेली गोळी आरोपीच्या डोक्यात लागली. कळव्याच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं गेलं. मुंब्रा पोलीस ठाण्यात खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला गेला, तो मृत आरोपीवर.

बदलापुरात फटाके फुटले, मिठाई वाटली गेली. मुंबईत रातोरात फलक लागले: तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हातात बंदूक आणि गावाच्या नावावर कोटी करून लिहिलेलं ‘बदला पुरा’. विरोधी पक्षांनी चौकशीची मागणी केली खरी, पण जपून. आदल्याच महिन्यात यातल्या अनेकांनी आरोपीला फाशी द्या म्हणून गळा काढला होता. दोन महिन्यांवर विधानसभा निवडणूक आली होती.

मृतदेहाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. बदलापूर आणि अंबरनाथमध्ये अंत्यविधीला विरोध झाला, जागा मिळेना, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन झालं. तिथेही स्थानिकांनी विरोध केला होताच. खटला सुरू व्हायच्या आधीच लोकांनी निकाल देऊन ठेवला होता आणि तो मेल्यानंतरही लागू होता.

तारखांचा एक योगायोग इथे नोंदवायला हवा. २३ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे या घटनेच्या बरोबर दहा वर्षं आधी, सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात चकमकींसाठी सोळा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. निकाल सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांचा. खटला मुंबईतला होता. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या नव्याण्णवच्या आसपास चकमकींमध्ये सुमारे १३५ माणसं मारली गेली होती, त्याबद्दलची ही याचिका. संपूर्ण देशातल्या पोलिसांनी गोळी झाडल्यानंतर काय करायचं, याचा कायदा असा मुंबईच्या रस्त्यांवरून आला.

त्या तत्त्वांमध्ये गूढ काही नाही. गुन्हेगाराबद्दल खबर मिळाली तर ती लिहून ठेवायची. माणूस मेला तर गुन्हा नोंदवायचा. तपास त्याच पथकाने करायचा नाही. सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने, वरिष्ठांच्या देखरेखीखाली करायचा. दंडाधिकारी चौकशी करायची. हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. आणि एक कलम थेट लोकमतावर आहे: घटनेनंतर लगेच संबंधित अधिकाऱ्यांना शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही. टाळ्यांच्या भरात दिलेलं पदक नंतर चौकशीच्या आड येतं, हे न्यायालयाला दिसलं असावं.

टाळ्यांचा इतिहास मुंबईला जुना आहे. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे मारला गेला आणि शहरातली ही पहिली गाजलेली चकमक म्हणून त्या घटनेचं नाव राहिलं. नव्वदच्या दशकात खंडणीचे फोन बिल्डरांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळ्यांना येत होते. साक्षीदार फिरत होते, टोळ्यांचे लोक जामिनावर सुटत होते. लोकांची चीड खोटी नव्हती. तिचं उत्तर म्हणून ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ ही जमात तयार झाली आणि वर्तमानपत्रं अधिकाऱ्यांच्या नावापुढे क्रिकेटपटूच्या धावांसारखे आकडे छापू लागली. २००४ मध्ये नाना पाटेकरांचा ‘अब तक छप्पन’ आला. आकडा थेट नावातच होता.

त्याच आकड्यांच्या खेळातलं एक मोठं नाव प्रदीप शर्मा. ११ नोव्हेंबर २००६ रोजी लखनभैया म्हणून ओळखला जाणारा रामनारायण गुप्ता वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमकीत मारला गेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. त्याचा भाऊ वकील होता. दुपारी लखनभैयाला वाशीतून उचलल्याच्या तारा त्याने संध्याकाळच्या आत वरिष्ठांकडे धाडल्या होत्या, आणि हाच कागद पुढे पोलिसांच्या गळ्याशी आला. त्या दिवशी लखनभैयासोबत उचललेला साक्षीदार २०११ मध्ये, साक्ष द्यायच्या तोंडावर, बेपत्ता झाला आणि त्याचा मृतदेहच सापडला. तरीही जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने एकवीस जणांना दोषी धरलं. त्यांत तेरा पोलीस होते. शर्मा सुटले.

पुढे काय झालं ते राजकारणाच्या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने शिक्षा झालेल्यांपैकी अकरा पोलिसांची जन्मठेप सहा महिन्यांसाठी स्थगित केली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. त्याच वर्षी शर्मांनी नोकरी सोडली आणि नालासोपाऱ्यातून शिवसेनेच्या तिकिटावर विधानसभा लढवली. चकमकींचा सगळा लौकिक पाठीशी असताना ते क्षितिज ठाकूर यांच्याकडून हरले. पडद्यावर आणि बातमीत मिळणाऱ्या टाळ्या मतपेटीत तशाच उतरतात असं नाही. नालासोपाऱ्याच्या मतदाराला बहुधा पाणी आणि रेल्वे यांची चिंता जास्त होती. १९ मार्च २०२४ रोजी न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने शर्मांची सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

सहा महिन्यांनी मुंब्र्याची चकमक झाली तेव्हा प्रकरण न्या. मोहिते डेरे यांच्याच खंडपीठापुढे आलं. या वेळी सोबत न्या. पृथ्वीराज चव्हाण होते. २५ सप्टेंबरच्या सुनावणीत न्यायालयाने विचारलं ते कुठल्याही चौकस माणसाला सुचावं असंच होतं. गाडीत चार-पाच पोलीस असताना एक आरोपी आवरला कसा नाही? प्रशिक्षण नसलेल्या माणसाला पिस्तूल इतक्या सहज चालवता येतं का? आणि गोळी पायावर न मारता डोक्यात का?

लोकांना हे प्रश्न पडले नव्हते असं नाही. गाडीत, चहाच्या टपरीवर, कल्याणच्या कोर्टाच्या आवारात ते विचारले जात होते. फरक असा, की तिथे विचारणारा पुढच्याच वाक्यात म्हणत होता, “पण झालं ते बरंच झालं.” पोलिसांची हकीकत खरी वाटत नाही आणि तरीही पोलिसांनी केलं ते पटतं, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात बिनतक्रार नांदू शकतात. चकमकीला पाठिंबा देणारे सगळे पोलिसांच्या थापांना फसलेले असतात, हा सुशिक्षितांचा एक आवडता गैरसमज आहे.

पोलिसांची स्वतःची मतंही मोजली गेली आहेत. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या २०२५ च्या अहवालासाठी सतरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या ८,२७६ पोलिसांशी बोलणं झालं. ‘धोकादायक गुन्हेगारांना’ खटल्यात उभं करण्यापेक्षा मारून टाकणं परिणामकारक, असं २२ टक्क्यांनी सांगितलं. ७४ टक्क्यांना मात्र पकडून कायदेशीर मार्गानेच जावं असं वाटत होतं. २२ हा आकडा बातम्यांत गाजला, आणि गणवेशातला पाचातला एक जण असं म्हणतो हे गंभीर आहेच. तरी उरलेले चौघे ज्या बाजूला उभे आहेत, ती बाजू बदलापूरच्या फटाक्यांमध्ये ऐकू आली नाही, हेही खरं.

टाळ्यांमागचं दुसरं कारण कोर्टाच्या कॅलेंडरमध्ये आहे. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींच्या आसपास खटले तुंबले आहेत आणि दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीश साधारण एकवीस. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोघी बहिणींना अटक झाली १९९६ मध्ये, फाशी सुनावली गेली २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली २००६ मध्ये. आणि दयेच्या अर्जावर सरकारने लावलेल्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात गाजावाजा करून मंजूर केलेलं शक्ती विधेयक झटपट तपास आणि फाशीचं आश्वासन देत होतं. ते कायदा झालंच नाही. बदलापूरच्या रुळांवर ‘आत्ता, इथे’ म्हणणाऱ्यांना हे सगळं पाठ नसेल. त्याची चव मात्र माहीत होती.

हैदराबादचा अनुभव याला जोडून पाहावा लागतो, कारण त्यात मराठी माणसं फार आहेत. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे एका पशुवैद्यक तरुणीवरील बलात्कार आणि खून प्रकरणातले चौघे आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. दुसऱ्या दिवशी जोधपूरला बोलताना सरन्यायाधीश शरद बोबडे, मूळ नागपूरचे, म्हणाले की न्याय झटपट असू शकत नाही आणि त्याने सूडाचं रूप घेतलं तर तो न्याय राहत नाही. आठवड्याच्या आत त्यांच्या खंडपीठाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष विदर्भातलेच न्या. विकास सिरपूरकर, सदस्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीश रेखा बलदोटा. मे २०२२ मध्ये त्यांचा अहवाल उघड झाला. पोलिसांनी सांगितलेली हकीकत आयोगाला पटली नाही आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस होती. मारल्या गेलेल्यांतले काही अल्पवयीन होते असाही निष्कर्ष त्यात होता. पाकळ्या उधळतानाचे फोटो देशभर पोहोचले होते. अहवाल किती जणांनी उघडला?

आता उलट बाजू. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या मनोज जरांगे यांच्या मंडपाजवळ पोलिसांनी लाठीमार केला. बायाबापड्या रक्तबंबाळ झाल्याची दृश्यं मोबाइलवरून गावोगाव गेली. तीन-चार दिवसांत गृहमंत्री फडणवीस यांना जाहीर माफी मागावी लागली. एक स्थानिक उपोषण राज्यभराचं आंदोलन झालं ते त्या लाठीनंतर. त्या वेळी कुणी म्हटलं नाही की पोलिसांनी केलं ते योग्यच. लाठी ज्यांच्या पाठीवर पडली ते लोकांना आपले वाटत होते.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, धरपकड झाली, आणि कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत १५ डिसेंबरला मेला. त्याची आई मागे हटली नाही. ॲड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उच्च न्यायालयात उभे राहिले. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं. या आईमागे एक संघटित समाज उभा होता. मुंब्र्यात मेलेल्याच्या आईबापांमागे कुणीच नव्हतं, आणि त्याचा परिणाम पुढे दिसेलच.

उल्हासनगरकरांना तर पोलीस ठाण्यातल्या गोळीबाराचं वेगळंच उदाहरण घरबसल्या मिळालं होतं. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाच्या महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सगळं सीसीटीव्हीत आलं. आपण स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं आमदारांनी वाहिनीला सांगितलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कल्याण पूर्वमधून त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड भाजपच्या तिकिटावर निवडून आल्या. यातून मतदाराचा कायद्याविषयीचा दृष्टिकोन वाचायचा मोह होतो. तो आवरावा, माणसं मतं अनेक कारणांनी देतात, आणि नालासोपाऱ्याने वर ते दाखवलंच आहे.

आता कोर्टाकडे. बदलापूरच्या रुळांवर लोक बसलेले असतानाच सरकारने विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांचं नाव जाहीर केलं. लोकांना धीर देण्यासाठी याहून वजनदार नाव महाराष्ट्रात नव्हतं. अडचण अशी, की तीनच महिन्यांपूर्वी निकम उत्तर मध्य मुंबईतून भाजपचे लोकसभा उमेदवार होते आणि काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांच्याकडून हरले होते. विरोधकांनी आक्षेप घेतला. जुलै २०२५ मध्ये निकम राज्यसभेवर नामनियुक्त झाले. याच निकमांनी २०१५ मध्ये कबूल केलं होतं की कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती. कसाबबद्दल सहानुभूतीची लाट उठते आहे असं वाटलं म्हणून. खटला पुराव्यावर भक्कम होता, त्याला बिर्याणीची गरज नव्हती. वकिलाला ती लोकमतासाठी लागली.

न्यायाधीशांच्या नेमणुकीचा वाद २०२५ च्या पावसाळ्यात पेटला. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने २८ जुलैला मुंबई उच्च न्यायालयासाठी ॲड. आरती साठे यांची शिफारस केली. २०२३ मध्ये त्या भाजपच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पद सोडलं होतं. आमदार रोहित पवार यांनी त्यावर टीका केली, भाजपने राजीनाम्याकडे बोट दाखवलं, ऑगस्टमध्ये नेमणूक झाली. या वादात दोन्ही बाजूंना जुनी उदाहरणं हाताशी होती. काँग्रेसचे राज्यसभा खासदार बहरुल इस्लाम न्यायाधीश झाले आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालय सोडून पुन्हा राज्यसभेत गेले. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. गोव्याचे फर्दिन रिबेलो १९७७ मध्ये जनता पक्षाचे आमदार होते, पुढे मुंबई उच्च न्यायालयात आले आणि अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

आणखी मागे गेलं तर हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पायातच आहे. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते, १८९५ मध्ये न्यायाधीश झाले. नारायण गणेश चंदावरकर १९०० च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्ष, आणि पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या खुर्चीवर. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात जामीन दिला तो तय्यबजींनीच. त्या अर्जावर टिळकांच्या बाजूने बोलणारे वकील होते दिनशा दावर. खटला न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला, आणि नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायाधीश होते. १९०८ च्या खटल्यात त्यांनी टिळकांना जामीन नाकारला. सात युरोपियन विरुद्ध दोन पारशी असा ज्यूरीचा कौल आला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दावरांनी २२ जुलैला सुनावली. गिरणगाव सहा दिवस बंद राहिलं. रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर सरकारने गोळ्या चालवल्या. कोर्टातला तोल आणि पोलिसांची गोळी यांच्याविषयी मुंबईच्या सामान्य माणसाने एकत्रित मत दिलं ते कदाचित पहिल्यांदा तेव्हा.

दावरांच्या त्या प्रवासाकडे बघून एक गोष्ट लक्षात येते. माणूस आधी कुठे होता यावरून तो खुर्चीत काय करेल हे सांगता येत नाही; आणि तरीही ज्यूरीतले सहा आणि तीन कुठल्या रंगाचे हे मोजायची सवय लोकांना लागते, कारण ते आकडे उगाच पडलेले नसतात. अमेरिकेत ही मोजणी उघड आहे. कोणत्या राष्ट्राध्यक्षाने कुणाला नेमलं ते प्रत्येक बातमीत येतं, सर्वोच्च न्यायालय सहा विरुद्ध तीन असं विभागलेलं सांगितलं जातं. गॅलपच्या पाहणीत जून २०२२ मध्ये त्या न्यायालयावर पुरेसा विश्वास असलेले अवघे २५ टक्के उरले होते. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, पोलिसांवरचा विश्वासही ४८ टक्क्यांवर आला होता. तो निम्म्याखाली जाण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे नेमणुका कॉलेजियम बंद दाराआड करतं. सरकारला त्यात वाटा देणारा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने रद्द केला. त्यामुळे इथला वाचक रंग मोजत नाही, अंदाज बांधतो. अंदाज मोजणीपेक्षा निष्ठुर असतो.

मुंब्र्याच्या प्रकरणात मात्र पक्षापेक्षा कागद बोलू लागले. दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल २० जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयासमोर आला. गाडीतले पाच पोलीस मृत्यूला जबाबदार आहेत, बळाचा वापर समर्थनीय नव्हता, पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. राज्याने स्वतंत्रपणे अलाहाबादचे माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला होता. मग ठाण्याच्या सत्र न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांच्या निष्कर्षांना स्थगिती दिली आणि उच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केलं. सरकारचं म्हणणं असं, की सीआयडीचा तपास आणि आयोग चालू असताना वेगळ्या गुन्ह्याची गरज काय.

तोवर याचिकाकर्ते थकले होते. मुलाच्या मृत्यूनंतर बदलापूरचं घर सुटलं, काम मिळेना, कल्याण स्थानकाच्या आसपास दिवस काढावे लागतात, असं आईवडिलांच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते स्वतः खंडपीठापुढे उभे राहिले आणि म्हणाले की ही धावपळ आता झेपत नाही, आम्हाला खटला चालवायचा नाही. दबाव आहे का, असं न्यायालयाने विचारलं. नाही म्हणाले.

कुठल्याही दिवाणी दाव्यात इथे फाईल बंद झाली असती. न्या. मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने ज्येष्ठ वकील मंजुळा राव यांना न्यायालयाला साहाय्य करायला सांगितलं आणि तक्रारदाराशिवाय सुनावणी चालू ठेवली. ७ एप्रिल २०२५ रोजी निकाल आला: दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणं राज्याला बंधनकारक आहे, आईवडील लढोत वा न लढोत, मुंबईचे सहपोलीस आयुक्त लखमी गौतम यांच्या देखरेखीखाली विशेष तपास पथक नेमावं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात तिथे एवढाच बदल झाला की पथक नेमण्याचं काम राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे सोपवलं गेलं.

फटाके वाजवणाऱ्यांच्या हिशेबात एक बाब राहून गेली होती. आरोपी मेला की फौजदारी कायद्यानुसार त्याच्यावरचा खटला संपतो. पुरावे तपासले जात नाहीत, साक्षी होत नाहीत, दोषी किंवा निर्दोष असा निकाल कुणाला मिळत नाही. त्या दोन मुलींच्या पालकांनी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसून नोंदवलेल्या गुन्ह्याचा मुख्य खटला मुंब्रा बायपासवरच थांबला. मागे उरलं ते शाळेच्या विश्वस्तांवरचं, तक्रार वेळेत न कळवल्याचं प्रकरण, आणि शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षेसाठी उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. साधना जाधव आणि न्या. शालिनी फणसळकर-जोशी यांच्या समितीच्या शिफारशी.